कट्ट्यावर: शकुन वाचायचा कोणी?

बाळ्याने ग्रुपवर ती यादी टाकली तेव्हाच मला वाटलं होतं की संध्याकाळी कट्ट्यावर वाजणार. आम्ही चौघं मिळून जे काल्पनिक जग रचतोय, त्यातले कुठले लोक भविष्य कसं बघतात त्याची यादी. डोंगरातले हाडं बघतात, खाडीवाले पक्षी, वाळवंटातले वाळू, जंगलातले कोळी, आणि प्रत्येकापुढे एक रंग आणि एक वाद्य.

अक्का आली तीच म्हणाली, "बाळ्या, हे शकुन आहेत का गॅदरिंगचे ड्रेस?"

"अगं वातावरण नको का? गूढ वाटलं पाहिजे! हिरवा धूर, लांबून घंटा, एक आंधळी म्हातारी..." बाळ्या धूर कसा वर जातो ते दोन्ही हातांनी दाखवायला लागला. मागच्या खेपेला देवळं ठरवताना पण हाच हिरवा धूर होता, त्याच्याआधी बंदरावर पण होता.

"म्हातारी राहू दे. हाड वाचायचा हक्क कोणाला ते सांग. आणि सांगितलेलं चुकलं तर मार कोणी खायचा?"

माझं पण हेच म्हणणं आहे आणि मी ते दीड वर्ष सांगतोय. हाड का पक्षी यावरून दोन समाज वेगळे होत नाहीत, तो पक्षी कोणाच्या सोयीने उडतो यावरून होतात.

मास्तर तोवर गप्प होते, मग त्यांनी कोंबड्या काढल्या. इ.स.पू. २४९, सिसिलीजवळची द्रेपानाची लढाई, रोमन आरमाराचा प्रमुख क्लाउडियस पुल्खर. लढाईआधी पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकायचे, त्यांनी अधाशासारखे खाल्ले तर शुभ. त्या दिवशी खाईनात. गोष्ट अशी सांगतात की हा म्हणाला, खात नाहीत ना, मग पिऊ देत, आणि दिल्या समुद्रात फेकून. हरला. रोमला परत गेल्यावर खटला झाला आणि दंड बसला.

बाळ्या उसळला, "बघा! म्हणजे शकुन खरा निघाला!"

"अरे त्या बोटीवरच्या कोंबड्या, मळमळत असेल त्यांना. पण तो जिंकला असता तर कोंबड्यांचं नाव तरी कोणी काढलं असतं का?"

यावर बाळ्याकडे उत्तर नव्हतं, तो म्हणाला धूर तरी ठेवू.

मग मास्तरांनी बिबुलस सांगितला आणि मला तो फार म्हणजे फारच आवडला. इ.स.पू. ५९, सीझर आणि बिबुलस दोघं जोडीचे कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी. सीझरचे कायदे अडवता येईनात तेव्हा हा घरात बसला आणि तिथून निरोप पाठवत राहिला की मी आकाश बघतोय, म्हणजे अपशकुन शोधतोय, आणि नियम असा की कॉन्सल आकाश बघत असेल तर सभेचं काम भरवणंच गैर. सीझरने कायदे रेटले ते रेटलेच, पण ते वैध का अवैध हा वाद नंतर राहिलाच. आपल्या खाडीवाल्यांना नेमकं हे द्यायला पाहिजे, पक्षी दिसायची गरजच नाही, मी बघतोय एवढं म्हटलं की गलबतं बंदरात अडकली.

"आणि डोंगरातल्यांची हाडं?" मी विचारलं.

"ती चीनची घे," मास्तर म्हणाले. तिथले जुने शांग घराण्याचे राजे कासवाच्या पोटाकडचं कवच नाहीतर बैलाच्या खांद्याचं हाड तापवायचे, तडे जायचे, ते तडे वाचायचे आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचे, कधीकधी पुढे काय झालं ते पण. वू दिंग राजाची राणी फू हाओ, तिचं बाळंतपण कसं होईल असा प्रश्न. राजाने स्वतः तडे वाचून शुभ दिवस सांगितले. ३१ दिवसांनी बाळंत झाली, दिवस त्यातला नव्हता, आणि हाडावर कोरलंय, चांगलं नाही, मुलगी झाली.

अक्का एक मिनिट काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तीन हजार वर्षं झाली, हाड काय म्हणालं ते कोणाला आठवत नाही, राजा काय म्हणाला ते कोरलेलं आहे."

मी हे वहीत लिहून घेतलं.

"पण आपल्याकडे जादू खरी आहे!" बाळ्या परत उभा राहिला. "मग शकुन पण खरेच हवेत!"

"कर खरे. मग उद्या पाऊस आहे, छत्री घ्या, एवढंच उरेल. भांडायचं कशावर?"

इथे माझं अक्काशी पटत नाही. उत्तर खरं असलं तरी ते आपल्याला लागू कसं करायचं ही भानगड राहतेच. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची कौल घ्यायची पद्धत, इफा, बघा, १६ पाम बियांवरून २५६ पैकी एक आकृती निघते, बाबालावो, म्हणजे त्यांचा पुजारी, तिच्यावरची पाठ केलेली कवनं म्हणतो आणि त्यातलं आपलं कुठलं हे विचारायला आलेला माणूस ओळखतो. म्हणजे निम्मं वाचन त्याचंच. जंगलातल्यांना असं काहीतरी द्या ना, कोळी नुसता ठेवून काय करायचाय.

अक्का म्हणाली चालेल, पण मग जंगल कुठे आहे ते आधी ठरवा, कारण बाळ्याची नदी अजून डोंगर चढून जंगलात जाते.

"ती एकाच ठिकाणी चढते!"

"आणि माझं पुस्तक?" मास्तरांना एकदम आठवलं. "नदीसाठी म्हणून नेलंस, दोन पावसाळे झाले."

बाळ्या म्हणाला विषय बदलू नका, फाशाने ठरवू, सम आला तर शकुन खरे, विषम आला तर अक्काचं. मास्तर म्हणाले एकदा टाकून भागायचं नाही, मध्य आफ्रिकेतले अझांदे लोक कोंबडीला विष देऊन प्रश्न विचारायचे, आणि दुसऱ्या कोंबडीला तोच प्रश्न उलटा करून विचारायचे, दोन्ही जुळले तरच कौल पक्का. बरं, दोनदा.

फासा टाकला तो कट्ट्याच्या फटीत जाऊन कडेवर उभा.

"तिरका पडला की परत टाकायचा," बाळ्या.

"कोणी ठरवलं?" अक्का.

"नियम आहे!"

"कोणाचा? आणि तू चारच्या बाजूने वाकून का बघतोयस?"

मास्तर हसता हसता कट्ट्यावर आडवेच झाले, बाळ्या पण हसायला लागला आणि हसताना त्याचा पाय लागून फासा आणखी आत गेला. शेवटी काडीने काढला तेव्हा कितीवर होता ते कोणीच बघितलं नाही. यादी मात्र बाळ्याने आज परत टाकली आहे, रंग आणि वाद्यं काढून. धूर आहे.