दोन सेंटिमीटर

पुतण्या पोलीस भरतीतून परत आला. १६०० मीटर धावायची पाळी आलीच नाही, सगळं मोजपट्टीखालीच संपलं. हवे होते १६५ सेंटिमीटर, भरले १६३. दोन वर्षं सोलापुरात खोली घेऊन पहाटे पळत होता पोरगा. घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी निकाल दिला, "आपल्या खानदानातच उंची नाही, त्याचा काय दोष!" वहिनीनं मला वेगळा फोन केला. "भावजी, तिकडं उंची वाढायची पावडर मिळत असेल ना?"

मी नेदरलँड्समध्ये राहतो, म्हणून ही विचारणा. इथं ट्राममध्ये उभं राहिलं की माझ्या डोळ्यांसमोर लोकांच्या शर्टाची दुसरी गुंडी येते. १९८० साली जन्मलेला इथला पुरुष सरासरी १८४ सेंटिमीटरच्या आसपास. पण १९ व्या शतकाच्या मध्यावर इथं लष्करात भरती होणारा तरुण सरासरी साडेपाच फुटांच्या आतच होता. आपल्या मोजपट्टीखाली त्यातले बरेचसे माझ्या पुतण्यासारखेच घरी गेले असते. दीडशे वर्षांत रक्त एवढं बदलत नाही. बदललं ते दूध, पाणी, आजारपणं आणि घरातल्या पोरांची संख्या.

काका साफ चूक आहेत असंही नाही. पोटभर जेवणाऱ्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक असतो. चीनच्या याओ मिंगचे आईवडील दोघंही बास्केटबॉल खेळणारे, पोरगा २.२९ मीटर झाला. फक्त त्यातला 'पोटभर' हा शब्द आमच्या मोहोळ तालुक्यात येईपर्यंत गळून पडतो.

आमचंच घर घ्या. वडील १७१, धाकटे काका १६०. काका १९७१ चे, म्हणजे ७२ च्या दुष्काळात जेमतेम चालायला लागलेले. घरात तेव्हा मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि दुष्काळी कामावरून आणलेली सुकडी. मोठेपणी ते बुटके राहिले, तर सगळे म्हणायचे, आजोळच्या वळणावर गेला. आजोळचे मामा तर दारातून वाकून आत यायचे! (एका काकांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.)

तालमीतले लोक याबाबतीत जास्त शहाणे. पैलवानाचा पोरगा पैलवान होतो, हे तेही म्हणतात, पण वस्ताद नव्या पोराला पहिलं विचारतो ते खुराकाचं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं. त्यांचे वडीलही पैलवान. तिथं रक्ताबरोबर लाल मातीही वारशातच आली, लहानपणापासून. शिवाय ते लढले बँटमवेट म्हणजे हलक्या वजनाच्या गटात. उंचीवर काही अडलं नाही.

आणि आपण भांडतो कशावर? राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. लोकसहभागातून द्या म्हणाले. आमच्या ग्रुपवर त्यावरून धर्मापर्यंत वाद गेला. उंचीचा विषय एकानंही काढला नाही. रक्ताची आठवण आम्हाला भरतीच्या दिवशीच होते.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. बहुतेक शाळा जेवण देतच नाहीत, पोरं घरून ब्रेड-चीज नेतात. शिवाय २००१ साली जन्मलेले डच पुरुष १९८० वाल्यांपेक्षा सेंटिमीटरभर कमीच भरलेत.

वहिनीला सांगितलं, पोरगा वीस वर्षांचा झाला, हाडांची वाढ थांबली. डब्यावर कितीही उंच मुलगा छापलेला असो, पावडरीनं काही होणार नाही. मग धाकट्या पुतणीची चौकशी केली. ती सात वर्षांची आहे. सकाळी काय खाते?

"चहा-चपाती."

"दोन म्हशी आहेत ना दारात?"

"आहेत की. दूध डेअरीला जातं."