वर्तुळ चपटं दिसेल का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: गणपतीमागच्या एलईडी प्रभावळीचं वर्तुळ काढायला (बिंदूंची जागा साइन-कोसाइनवरून ठरते) पहिल्या भास्कराचार्यांचं, साइनची अंदाजे किंमत देणारं सूत्र वापरणं ही निव्वळ हौस. साइनमध्ये ०.००१६ पर्यंत चूक येते, वर्तुळ चपटं दिसणार, आणि कोडच्या तयार लायब्ररीत साइन आयतं असताना हा खटाटोप कशाला?

हौस आहेच. चूक किती, याचा तुमचा आकडाही बरोबर. (हे भास्कराचार्य सातव्या शतकातले, ‘महाभास्करीय’वाले, लीलावतीचे ते दुसरे.) पण आकृती काढताना चूक किती यापेक्षा ती कुठल्या दिशेला पडते हे महत्त्वाचं. कोन क्ष अंश असेल तर सूत्र म्हणतं: ४क्ष(१८०−क्ष) भागिले ४०५००−क्ष(१८०−क्ष). १० अंशांना उत्तर येतं ०.१७५२६, खरं मूल्य ०.१७३६५. चूक इथे जवळजवळ कमाल आहे, तरी बिंदू परिघावरूनच ०.०९ अंश पुढे सरकतो, केंद्रापासूनचं अंतर जवळपास तेच राहतं. डोळ्याला पत्ताही लागत नाही. ४५ अंशांना चूक त्याहून कमी, पण साइन आणि कोसाइन दोन्ही १२/१७, म्हणजे दोन्ही एकदम कमी पडतात. बिंदू सरळ आत ओढला जातो, त्रिज्येच्या ०.१७ टक्के. चपटेपणा आलाच तर तो इथे. गिरगावातल्या मंडळाचं पॅनेल ३२ बाय ३२, त्रिज्या १५ पिक्सेल. तिथे हा फरक ०.०३ पिक्सेलसुद्धा भरत नाही. ५०० पिक्सेलच्या त्रिज्येला तो ०.८७ होईल, तिथे मीही हे सूत्र वापरणार नाही.

आता लायब्ररी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या चिपमध्ये दशांश आकडेमोडीचं हार्डवेअरच नाही. सगळं सॉफ्टवेअरने रेटावं लागतं. या सूत्रात अपूर्णांकाचा अंश (वरचा आकडा) ३२४०० च्या वर जात नाही, छेद ४०५०० च्या. दोन्ही १६ बिटांत मावतात, फक्त त्रिज्येने गुणताना ३२ बिट लागतात. तुम्ही साइनच्या तयार मूल्यांचा तक्ता सुचवला असता तर मी एवढा भांडलो नसतो: ० ते ९० अंश, दोन-दोन बाइट, १८२ बाइटांत काम आणि भागाकारही वाचतो.

खरा धोका तुमच्या नजरेतून सुटला. हीच मूल्यं घेऊन मागच्या बिंदूवरून पुढचा बिंदू फिरवत गेलात, तर १० अंशांच्या प्रत्येक पावलाला त्रिज्या १.००००९ पट होते. ३६०० पावलांत १.३९ पट, म्हणजे प्रभावळ पॅनेलबाहेर! म्हणून कोडमध्ये प्रत्येक फ्रेमला कोन शून्यापासून मोजलाय.