म्हणे हिटसिंक लागतच नाही!

दाजींनी काल तो व्हिडिओ पाठवला, तिसऱ्यांदा. थर्माकोलचा डबा, पेल्टियर प्लेट (वीज दिली की एक बाजू गार अन् दुसरी गरम होणारी चकती), बाइकची बॅटरी, अन् 10 मिनिटांत बाटल्या बर्फासारख्या गार, हिटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) अन् फॅन लागत नाही, कंप्रेसर नाही म्हणून वीज नगण्य. त्यांची मखमलाबाद रोडला सरबताची गाडी आहे, प्लेटा आणायला निघालेच होते, म्हणून लिहितोय.

आधी हिटसिंक. अहो, ही प्लेट गारवा बनवत नाही, एका बाजूची उष्णता उचलून दुसऱ्या बाजूला टाकते, वर स्वतः खाल्लेले 50-60 वॉटही तिथंच ओतते. मी एकदा नुसतीच जोडून पाहिली होती. काही सेकंद दव आलं, मग तीच गार बाजू बोटाला चटका द्यायला लागली आणि प्लेट गेली ती गेलीच. आतलं सोल्डर 138 अंशांना वितळतं.

12706 या नेहमीच्या पेल्टियर प्लेटची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडा (आत सेमीकंडक्टरच्या 127 जोड्या, 6 अँपिअर, नावातच आहे). साधारण 50 वॉट उष्णता ओढते, पण दोन्ही बाजू सारख्याच तापमानाला असताना. 65-70 अंशांचा फरक पाडते, पण तेव्हा ओढणं शून्य. व्हिडिओवाला दोन्ही आकडे एकदम सांगतो! नाशकात एप्रिलात बाहेर 38, चांगला फॅन लावून गरम बाजू 55 धरा, आत 8 हवं तर गार बाजू 3-4 ला पाहिजे. फरक झाला साधारण 50 चा, ओढायला उरले जेमतेम 13-14 वॉट. आणि फूटभर डब्याला इंचभर थर्माकोल असेल तर भिंतींतूनच 20 वॉट आत येतात, बाटल्या अजून ठेवल्याच नाहीत.

10 मिनिटांचं तर सोडाच, लिटरभर पाणी 35 वरून 5 वर तेवढ्यात आणायला 200 वॉट ओढावे लागतात. बाइकची 7 अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात झोपेल, मग बाइक ढकलत घरी. आणि वीज नगण्य? 60 वॉट दिवसभर म्हणजे जवळपास दीड युनिट, घरच्या सिंगल डोअर फ्रीजचं स्टिकर बघा, तो एवढी खात नाही.

गॅस नाही, थरथर नाही, हे मान्य करावं लागेल. घरून गार करून आणलेल्या बाटल्या गारच ठेवायला चालेलही, पण हिटसिंक, फॅन आणि दोन इंची थर्माकोल पाहिजे. त्यातही स्विच बंद केला की तीच प्लेट हिटसिंकची गरमी उलटी आत घेते.

दाजी, तूर्तास बर्फाची लादीच आणा. थर्माकोल मात्र जाड घ्या.