बाण उलटा, अन् म्हणे काही होत नसतंय

मोटारसायकलच्या मागच्या नव्या टायरच्या अंगावर कंपनीनं ठसठशीत बाण काढून दिलाय. चाक फिरतं त्या दिशेला तो ठेवायचा, बास. तरी पंक्चरवाल्यानं टायर उलटाच चढवला. अन् मला दिसला कधी? चाक घरी आणून, परत बसवून, नट आवळून, चेनचा ताण बघून झाल्यावर! फोन केला तर गडी म्हणतो, "काही होत नसतंय भाऊ. त्यो बाण पावसात पाणी कापायला असतो. आपल्याकडं पाऊस कुठं पडायलाय?"

मे महिन्यात परभणीत बसून याला काय उत्तर द्यावं? मागच्या टायरवर इंजिनाचा जोर येतो, त्याच्यासाठीबी दिशा असते, हे सांगेपर्यंत फोन कट. रस्ता खोदून तसाच सोडलाय, काही होत नसतंय. भर दुपारी लाइट जाते, काही होत नसतंय. मग आमच्यासारख्यानंच कामून डोकं फोडून घ्यावं?

बरं, हे चाक काय सुखासुखी निघालं होतं का! मागं कुण्या मेकॅनिकनं नट टोकावर न ठेवता एक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यावर, थेट हातोडा हाणलेला. टोकाचे आटे मेलेले. नट ढिला होतो, टोकापर्यंत येतो अन् तिथंच रुसतो. डिझेल ओतलं. पान्याला पाइप लावून जोर दिला, तर पानाच वाकला. गाडीसोबत मिळालेला पाना तो, निव्वळ दाखवायला असतोय. नट निघाला तर एक्सल हलंना. एक्सल निघाला तर बुश घरंगळत नालीत. सगळं मोकळं झालं तरी चाक बाहेर येईना, कारण वर मडगार्ड आडवं! अशा वेळी गाडी कलती करून धरायला एक माणूस लागतो. माणूस होता की. शेजारचे तात्या खुर्ची टाकून बसलेलेच होते. "आधी हवा सोडायची असती," हे त्यांनी चाक निघाल्यावर सांगितलं.

डोक्यावर ४२ चं ऊन. बायकोनं चहा आणून ओट्यावर ठेवला, तोबी कान तुटलेल्या कपात. नळवाला आला की त्याला देतो, तो कप. मी काहीच बोललो नाही. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर ग्रीस, बनियनला तर रंगच उरला नव्हता. दुकानात चाक खोलायचे वेगळे पैसे मागतेत, ते आपण कामून द्यायचे, म्हणून हा सगळा स्वाभिमान.

आता परत खोलायचं. तेच मेलेले आटे, तेच मडगार्ड. तात्यांनी सकाळीच कुंपणावरून विचारलं, "आज किती वाजता काढायलास? तसं जेवण उरकून बसतो."