गुहागरला वर्षातून दोनदा

भावोजींना नवी गाडी घ्यायची आहे, या बातमीला आता दीड वर्ष झालं. परवा सकाळी इथे जर्मनीत उणे सहात काचेवरचा बर्फ खरवडून गाडीत बसलो, हात चोळत फोन बघितला, तर घरच्या ग्रुपवर त्यांचा अंतिम निर्णय आला होता : "प्लग-इन हायब्रिड येईपर्यंत थांबतो. दोन्हीकडचा फायदा." खाली तीन अंगठे. त्यातला एक आईचा. पुढच्या सीटवर पाय लांब करता आले की तिला गाडी कशावर चालते याच्याशी देणंघेणं नाही.

येईपर्यंत म्हणजे कुठून येईपर्यंत? गेल्या दिवाळीत त्यांनी बाणेरपासून नगर रस्त्यापर्यंत शोरूम पालथी घातली, त्यांच्या बजेटात एकही प्लग-इन नव्हती. सेल्समनने 'हायब्रिड' म्हणून कौतुकाने दाखवली तिची बॅटरी पाऊण युनिटची. ती प्लगला लावायचीच नसते. ब्रेक मारताना जमलेली वीज गाडी निघताना वापरते, ॲव्हरेज उत्तम देते, पण जगते पेट्रोलवर. प्लग-इनची बॅटरी दहा-वीस युनिटची. रात्री लावली तर सकाळी पन्नास-साठ किलोमीटर विजेवर, पुढे इंजिन. कागदावर झकास. पण इंजिन आलं की ऑइल आलं, फिल्टर आला, पीयूसी आली आणि वर बॅटरीही आहेच. एका पगारात दोन संसार.

आणि हे बोलतंय कोण, तर पुणेकर! नेक्सॉन ईव्ही रांजणगावला बनते, महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणला. मर्सिडीजची विजेवरची ईक्यूएस इथे आमच्या शेजारी झिंडेलफिंगनला तयार होते, तीही २०२२पासून चाकणला जोडली जाते. आमच्या कोथरूडच्या गॅलरीतून एआरएआयची टेकडी दिसते. देशभरातल्या गाड्यांच्या ॲव्हरेजवर जिचा शिक्का लागतो ती संस्था डोळ्यांसमोर, आणि भावोजींचा विश्वास कुणा मित्राने पाठवलेल्या जळत्या गाडीच्या व्हिडिओवर. सरकारनेही कौल देऊन टाकलाय : विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, मोठ्या हायब्रिडवर ४०.

भावोजींचं घोडं गुहागरला अडतं. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात, ते सातारा-पाटण-कुंभार्ली करून गावी जातात. अंतर पावणेतीनशेच्या आसपास. आता ४५ युनिटची बॅटरी प्रत्यक्षात तीनशेच्या आगेमागे जाते, सातारा-कऱ्हाडला हायवेवर चार्जर आहेत, ताईला तसंही साताऱ्याला चहा लागतोच. कुंभार्ली उतरताना तर गाडी स्वतःच थोडी भरते. गंमत म्हणजे हा रस्ता कोयनानगरवरून जातो. १,९६० मेगावॅटच्या प्रकल्पाच्या दारावरून जाताना माणसाला काळजी काय, तर वीज मिळेल का!

उरलेले तीनशे पन्नास दिवस त्यांची गाडी डेक्कन, मंडई आणि वाकडला नातवाकडे. दिवसाला पंचवीस किलोमीटर, म्हणजे चार युनिट. पंधरा ॲम्पियरच्या साध्या प्लगवर दीड तासाचं काम. "गुरुवारी लाइट जाते त्याचं काय?" असं त्यांनी विचारलं होतं. गुरुवारी पाणीही जातं ना? बुधवारी रात्री पिंपं भरून ठेवणाऱ्या शहराला हे मी सांगायला हवं?

मी सांगितलंच. ब्योब्लिंगनच्या जॅममध्ये उभ्या उभ्या तीन व्हॉइस मेसेज टाकले. इथला अनुभव ऐका म्हटलं. मार्च २०२४मध्ये युरोपियन कमिशनने गाड्यांमधल्या मीटरवरूनच आकडे गोळा केले, प्लग-इन हायब्रिड प्रत्यक्षात कागदावरच्यापेक्षा सरासरी साडेतीन पट धूर सोडतात. कारण लोक त्या गृहीत धरल्याइतक्या चार्जच करत नाहीत. इथे १ डिसेंबर २०२०पासून कायदा आहे, फ्लॅटमालकाला पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागायचा हक्कच आहे, तुमच्या सोसायटीसारखं सेक्रेटरींच्या मूडवर नाही. शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकलं : भावोजी, दोन डगरींवर हात ठेवून माणूस कुठेच पोचत नाही.

डिसेंबर २०२३मध्ये इथल्या सरकारने एका शनिवारी जाहीर करून रविवारी रात्री विजेच्या गाड्यांचं अनुदान बंद केलं, हे सांगितलं नाही. विषयाच्या ओघात ते बसत नव्हतं.

भावोजींनी हात जोडलेली खूण पाठवली. ताईने मला वेगळा मेसेज केला, दोनच शब्दांचा : "तू बोलतोस?"

तिला माझी गाडी माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आणि आई इथे आल्या तेव्हा सामान ठेवायला मी डिकी उघडली. फांडच्या, म्हणजे परत दिल्या की पैसे मिळणाऱ्या, बाटल्यांची पिशवी, आमच्या केरवोखेचा, म्हणजे इमारत झाडायच्या पाळीचा, झाडू, आणि त्याखाली चार्जिंगची केबल, कारखान्याच्या प्लास्टिक पट्ट्यासकट. ताईने पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे काय?" मी म्हटलं, चार्जर. "मग न उघडलेला का?"

कारण माझी गाडी प्लग-इन हायब्रिड आहे. दीन्स्टवागेन, म्हणजे कंपनीने दिलेली. पेट्रोलच्या गाडीच्या किमतीचा एक टक्का दर महिन्याला करपात्र उत्पन्नात धरतात, हिचा अर्धा, म्हणून घेतली. पूर्ण विजेची घेतली असती तर पावच धरला असता, पण ऑफिसमधले चार्जर आठ वाजताच भरतात, आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पॉइंटचा विषय दोन वर्षं 'पुढच्या सभेत' आहे. हक्क कायद्याने आहे, वायर कोण ओढणार यावर भांडण आहे. तो विषय मीही कधी लावून धरला नाही. इथे मी सभेत हात वर करून बोलत नाही. चौदा वर्षं झाली, जर्मन येतं, पण भांडण्यापुरतं येत नाही. टांककार्टं, म्हणजे पेट्रोलचं कार्ड, कंपनीचं आहे, पंपावर जातो आणि मोकळा होतो. नंबरप्लेटच्या शेवटी विजेच्या गाडीचा 'ई' मात्र आहे. प्लग-इनलाही मिळतो.

हे मी ताईला लिहिणार होतो, पण तिचाच फोन आला. आवाज खाली, म्हणजे भावोजी झोपले असणार.

"ते हायब्रिड-बियब्रिड काही नाही रे. त्यांना विजेचीच हवी होती. कमिटीने लाइन फक्त मीटररूमच्या भिंतीपर्यंत मंजूर केलीय. त्या भिंतीला लागून कोणाचं पार्किंग आहे?"

आमचं. बाबांचं होतं, आता माझ्या नावावर. आई ताईकडे राहायला गेल्यापासून फ्लॅट बंद आहे आणि पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली बाबांची चेतक उभी आहे. आकुर्डीची, नंबर लावून मिळालेली. २०२०पासून चेतक विजेवर मिळते, हे बाबांना आवडलं असतं की नाही, मला ठरवता येत नाही. जूनमध्ये भावोजींनी विचारलं होतं, पार्किंगची अदलाबदल करू या का, सोसायटीला तुझं ना हरकत पत्र लागेल. मी म्हटलं होतं, दिवाळीत येतो, तेव्हा समोरासमोर बघू. दिवाळीत प्रोजेक्ट निघाला, गेलो नाही.

"जावई आहेत ते," ताई म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही विचारणार. थांबतो म्हणाले की झालं."

फॉर्म एका पानाचा आहे. सदनिका क्रमांक, पार्किंग क्रमांक, आणि 'सभासद सदनिकेत राहतो / राहत नाही, लागू नसेल ते खोडावे.' त्या ओळीवर मी नको तितका वेळ घालवला. बंद घराला रिकामं घर म्हणत नाहीत, असं मी ग्रुपवर एकदा तावातावाने लिहिलं होतं. शेवटी 'राहतो' खोडलं, सही केली, स्कॅन करून पाठवलं.

दहा मिनिटांत भावोजींचं उत्तर आलं. आभार, मग दुसऱ्या ओळीत : "स्कूटर भिंतीपासून चार फूट सरकवावी लागेल. हँडल लॉक आहे. किल्ली आईंकडे सापडत नाहीये."

किल्ली इथे आहे, स्टुटगार्टला, ड्रॉवरमध्ये. येताना चुकून खिशात आली, असं मी इथे सगळ्यांना सांगतो.