न खणता

घर घेताना आम्ही स्वयंपाकघर पाहिलं, शाळा पाहिली. आईने सांगलीहून व्हिडिओ कॉलवर ईशान्य कोपराही तपासला. सांडपाण्याचा पाइप मात्र कुणीच पाहिला नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला घराची खरेदी-विक्री झाली की घरापासून रस्त्याखालच्या गटारापर्यंतचा पाइप गळत नसल्याचा दाखला लागतो, आणि तो पाइप घरमालकाच्या गळ्यात असतो.

प्लंबरने आत कॅमेरा सोडला. खापरी पाइप, घराइतकाच जुना. प्रत्येक सांध्यातून झाडाची मुळं लोंबत होती. ‘‘अँजिओग्राफीच की ही,’’ बाबा म्हणाले. त्यांना इथे येऊन आठ दिवस झाले होते आणि हाताला काम नव्हतं. आता मिळालं.

उपाय निघाला पाइप बर्स्टिंगचा. ‘चर न खणता’ या शब्दांवर आम्ही भाळलो. खड्डे फक्त दोन. त्यातला एक नेमका बायकोच्या गुलाबांत. जुन्या पाइपातून पोलादी दोर ओवायचा, त्याला शंकूसारखं लोखंडी डोकं, डोक्यामागे एचडीपीई या चिवट प्लास्टिकचा काळा अखंड पाइप. पलीकडच्या खड्ड्यातलं हायड्रॉलिक यंत्र दोर ओढतं, डोकं जुना पाइप आतून फोडत, तुकडे बाजूच्या मातीत दाबत पुढे सरकतं आणि मागोमाग नवा पाइप येऊन बसतो.

बाबा खुर्ची टाकून बसले. आमच्याकडे जेसीबी आला की निम्मी गल्ली कामधाम सोडून बघत उभी राहते. इथे बघायला काय, तर इंचाइंचाने सरकणारा दोर! मधूनच जमिनीखाली कुठेतरी ‘खट्ट’. तासाभराने बाबांनी मला बाजूला घेतलं. ‘‘एवढे पैसे घेतले, आणि खणलं काय?’’

आमचा खरा छळ घरात चालला होता. दिवसभर नळ सोडायचा नाही, संडास बंद. आईने पहाटे पाचला सगळ्यांना उठवून एकेकाला आत पिटाळलं होतं. पण कामगारांना सोबत म्हणून बाबांनी तीनदा चहा घेतला, आणि मी त्यांना तीनदा गाडीतून सार्वजनिक वाचनालयात नेऊन आणलं. तिसऱ्या वेळी तिथल्या बाई कौतुकाने हसल्या. एवढा वाचनवेडा म्हातारा त्यांनी पाहिला नसावा.

पुढे पाइपात हवा भरून चाचणी झाली, २० वर्षांचा दाखला मिळाला. खड्डे बुजवण्याआधी बाबांनी प्लंबरला खुणेने विचारलं, जुना पाइप कुठे आहे? त्याने जमिनीकडे बोट दाखवलं. तिथेच, तुकडे होऊन. बाबांचा चेहरा पडला. एवढा खर्च झाला, पण चार लोकांना दाखवायला काही नाही.

परतताना आईची बॅग दोन किलोंनी जास्त भरली. उघडली तर चॉकलेटं आणि बदामाच्या पुड्यांमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, स्वच्छ धुतलेली तीन खापरं.