टाक्या निघाल्या, मग बोअर कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया सविस्तर आणि चांगली तिखट आहे, म्हणून उत्तरही सविस्तर. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतला कोपऱ्यावरचा एक प्लॉट तुम्ही घ्यायच्या विचारात आहात. तिथे 1960 च्या दशकापासून गॅस स्टेशन (पेट्रोल पंप) होतं, 1990 च्या दशकाच्या अखेरीस ते बंद झालं, जमिनीखालच्या टाक्या उपटून काढल्या आणि खड्ड्यातली माती तपासून स्वच्छ निघाली. तरीही मागच्या लेखात मी अशा जागी बोअर मारून माती आणि भूजल तपासा म्हटलं. तुमचं म्हणणं असं, की पेट्रोल उडून जातं, उरलेलं जिवाणू खातात, गावाकडे पंपाला लागून विहिरी आहेत तरी कोणाला काही झालं नाही, आणि हा सगळा कन्सल्टंट लोकांचा बिल फुगवायचा धंदा आहे.

जिवाणूंचं खरं आहे. 1995 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक ठिकाणी पाण्यात विरघळलेलं बेंझिन (पेट्रोलमधलं कर्करोगकारक रसायन) काही शे फुटांच्या आत थांबलेलं दिसलं. तपासणीसाठी बोअर मारून केलेल्या विहिरीतून पाणी हळू उपसताना हे मीटरवरच कळतं. भूजल टाकीकडे येतं त्या वरच्या बाजूच्या विहिरीत विरघळलेला ऑक्सिजन बऱ्यापैकी असतो. टाकीपासून पाणी पुढे वाहतं त्या खालच्या बाजूच्या विहिरीत तो शून्याकडे येतो आणि विरघळलेलं लोह चढतं. म्हणजे जिवाणू कामाला लागलेत. पण हे दिसायलासुद्धा विहिरी लागतातच ना? निदान तीन, नाहीतर पाणी कुठल्या दिशेला वाहतंय तेच ठरत नाही. रस्त्याचा उतार पाहून दिशा ठरवणारे अहवाल मी वाचलेत, आणि ते वाचून डोक्याला हात लावलाय.

शिवाय हा हिशेब बेंझिनचा. तुमच्या प्लॉटवर तीन-साडेतीन दशकं पेट्रोल विकलं गेलं, आणि त्या काळातल्या पेट्रोलमध्ये आणखी दोन पाहुणे असायचे. एक एमटीबीई, पेट्रोल नीट जळावं म्हणून घातलेलं रसायन. ते पाण्यात बेंझिनच्या वीस-पंचवीस पट विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जिवाणू त्याच्या वाटेला सहसा लवकर जात नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराने 1996 मध्ये त्याच्यापायी आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद केल्या. शहराचं जवळपास निम्मं पाणी त्या विहिरींवर होतं. ते बाहेरून विकत घ्यावं लागलं आणि त्यातल्या चार्नॉक भागातल्या विहिरी शुद्धीकरण प्रकल्प उभा राहून पुन्हा चालू व्हायला चौदा-पंधरा वर्षं गेली.

दुसरा पाहुणा ईडीबी (एथिलीन डायब्रोमाइड). शिशाच्या पेट्रोलमध्ये इंजिनात शिसं साचू नये म्हणून ते घालत. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची अमेरिकेतली केंद्रीय मर्यादा 5 पीपीबी (अब्जात पाच भाग), ईडीबीची 0.05. नेहमीच्या चाचणीला एवढं कमी प्रमाण पकडता येत नाही. लॅबला वेगळी पद्धत सांगावी लागते. कोणी सांगितलीच नाही, तर अहवालात 'आढळलं नाही' छापून येतं आणि सगळे खूश.

आता खड्ड्याकडे. खड्ड्यातले नमुने टाकीच्या तळाचे आणि बाजूंचे. पण गळती टाकीतूनच होते असं नाही. पंपाकडे जाणाऱ्या पाइपांचे सांधे, टँकर रिकामा करताना सांडलेलं, डिस्पेन्सरखाली (गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्राखाली) वर्षानुवर्षं ठिबकलेलं, हेही धरायला हवं. जुन्या स्टेशनला गॅरेज असेल तर वापरलेल्या ऑइलची टाकी आणि गाड्या उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट वेगळीच. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे खाली झिरपत गेलं की भूजलाच्या पातळीवर तरंगतं. उन्हाळ्याच्या शेवटी पातळी उतरली की तेही उतरतं, वसंतात पाणी चढलं की त्यातलं बरंचसं पाण्याखालीच मातीच्या पोकळ्यांत अडकून राहतं. असं वर्षानुवर्षं वर-खाली होत काही फुटांचा पट्टा माखला जातो. टाकीचा खड्डा या पट्ट्यापर्यंत पोचलाच नसेल तर स्वच्छ निघणारच! एप्रिलमध्ये विहीर उघडली तर तवंग दिसत नाही, ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरीत दिसतो. म्हणून एकाच फेरीवर मी भरवसा ठेवत नाही.

नमुना घेण्यातही मेख आहे. 40 मिलीची काचेची बाटली, पाणी तोंडावर फुगवटा येईपर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि टिचकी मारायची. बुडबुडा वर आला तर बाटली बाद, नवी घ्यायची. नाहीतर जे मोजायचं तेच त्या हवेत निसटतं. तुम्ही म्हणता ते 'उडून जाणं' खरं आहे, फक्त ते बाटलीत जास्त आणि जमिनीखाली कमी होतं.

गावच्या विहिरींबद्दल. बेंझिनचा वास पाण्यात येऊ लागतो तोवर ते मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं. ल्युकेमिया वर्षांनी होतो, आणि झाला तरी त्याचं नातं विहिरीशी कोण जोडणार? आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांतून वाहतं. एका विहिरीत पेट्रोल उतरेल आणि शेजारची कोरी राहील. त्यामुळे 'कोणाला काही झालं नाही' याला मी पुरावा मानत नाही. तपासणी झाली असती तर मानला असता.

बिलाचं म्हणाल तर काही मंडळी गरजेपेक्षा जास्त बोअर मारतात, हे मला मान्य. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बोअर कशासाठी हे विचारायचं. 'जुन्या पाइपलाइनच्या कोपरावर' हे उत्तर झालं, 'साधारण इथे एक असावा' हे नाही. पण पैशांचाच हिशेब करायचा तर न्यू जर्सीचा स्पिल कायदाही (प्रदूषणाच्या सफाईची जबाबदारी ठरवणारा) धरा. खरेदीआधी रीतसर चौकशी केली नाही आणि नंतर प्रदूषण निघालं, तर 'मला माहीत नव्हतं' हा बचाव हातचा जातो आणि सफाईचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. त्यापुढे चार विहिरींचं बिल किरकोळ आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, विक्रेत्याकडे सरकारी खात्याचं जुनं पत्र आहे, ते पुरेसं नाही का? त्यात काय लिहिलंय त्यावर आहे. नुसतं टाक्या काढल्याचं आहे की भूजलाचाही उल्लेख आहे, हे बघा. प्रत पाठवलीत तर वाचून सांगतो. पत्ता खोडून पाठवा, प्लॉट कुठला ते मला कळायची गरज नाही.